सरळ बसलेलं खोगीर

टाकेमास्तरांना वाकडं काही खपत नसे. परक्याच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर जरासं झुकलेलं दिसलं, तरी गप्पा अर्ध्यावर सोडून ते उठत आणि ते सरळ करून येत. घरची मंडळी ओशाळत, मास्तर मात्र समाधानाने पुन्हा चहाचा कप उचलत. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असताना त्यांनी एकदा डॉक्टरांच्या दारावरची पाटी नीट केली होती. बायकोचा भांग तिरपा पडला असेल तर त्यांची नजर तिथेच घोटाळायची. ती म्हणायची, "अहो, बायको आहे मी तुमची, खोगीर नाही."

खोगिरं हाच त्यांचा धंदा. टायरवाल्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं त्यांचं दुकान होतं. आत गेलं की कातड्याचा आणि मेणाचा वास यायचा. खिडकीखाली लाकडाचा एक बिनडोक्याचा घोडा होता, त्याच्यावर सदानकदा कुठलं तरी खोगीर उताणं नाहीतर पालथं. मास्तर त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून दोन सुयांनी टाके घालत. एक टाका दुसऱ्यापेक्षा केसभर लांब झाला तर उसवत. लोक त्यांचं खरं नाव कधीच विसरून गेले होते. पत्र आलं तरी पोस्टमन टायरवाल्याला विचारायचा, टाकेमास्तर आहेत का?

खोगिराच्या पोटाखाली दोन गाद्या असतात. घोड्याच्या कण्याच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी. आत लोकर भरलेली असते आणि स्वाराचं सगळं वजन त्या दोन गाद्या पाठीवर वाटून देतात. लोकर वापराने बसते, मग पुन्हा भरावी लागते. या कामात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिवण न उसवता, एका बारीक फटीतून, लांब सळईने ते लोकर आत सारत आणि डोळे मिटून वरून हात फिरवत. खोगीर कलतंय अशी तक्रार घेऊन आलेला माणूस जाताना खूश होऊन जायचा.

त्यांची मुलगी गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकवायला होती. लहानपणी दुकानातल्या लाकडी घोड्यावर बसून अभ्यास करायची, त्यामुळे पुढे असं काही होणार हे आईला दिसतच होतं. शाळेत तिची आवडती घोडी होती एक तांबडी, उंच मानेची. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. पूर्वी कौतुकाने म्हणायचे. अलीकडे म्हणायचे ते दात ओठ खाऊन.

कारण बाईसाहेबांचा स्वभाव बदलला होता. आधी ती कुणालाही पाठीवर घेऊन झुळझुळ चालायची. आता खोगीर दिसलं की कान मागे पाडायची. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, कसायला गेलं की मान वळवून चावा घ्यायची. उजवीकडे वळायचं म्हटलं की हटून बसायची, दुडकीवर शेपटी फटाफट मारायची. प्रत्येकाने आपापल्या परीने निदान करून टाकलं होतं. कोणी म्हणे आळशी झाली. कोणी म्हणे लाडाने बिघडली. शाळेचे मालक म्हणत, "नाटकं आहेत सगळी. काम टाळायचंय तिला." माणसांचं असं असतं, दुसऱ्याला आळशी ठरवायला फार विचार करावा लागत नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, घोडी हाताने धरून चालवली, पळवली. कुठे लंगडणं नाही, सूज नाही. स्वार बसवून बघू म्हणाल्या, पण त्या दिवशी ती इतकी उधळली होती की पाठीवर बसायला कोणी तयार होईना. ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

याच काळात मुलगी बापाकडे एक तक्रार घेऊन यायला लागली. "बाबा, बाईसाहेबांचं खोगीर उजवीकडे सरकतं. निघताना मधोमध असतं आणि दोन फेऱ्या झाल्या की मी एका अंगावर."

हे खोगीर मास्तरांनी स्वतः, त्याच घोडीच्या पाठीचं माप घेऊन, जीव ओतून बनवलं होतं. ते कलतं म्हणजे काय! त्यांनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. "खोगिराला काही झालेलं नाही. तुझंच बूड कलतं. उजव्या अंगावर रेलून बसतेस तू."

पोरीने ते मनावर घेतलं. घरी आरशासमोर खुर्चीवर बसून ती खांदे जुळवून बघायची. जेवताना आई म्हणायची, "अगं, नीट टेक की," तर म्हणायची, "टेकलेच आहे, सरळ आहे का सांग." इतकी वर्षं इतरांना बसायला शिकवणारी मुलगी, आपल्याला साधं बसताही येत नाही असं समजून चालली होती. शिकवताना आवाजही खाली आला होता तिचा. आईला ते दिसत होतं, पण घोड्यातलं तिला काय कळणार, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

तरी मुलीचं काम अडू नये म्हणून मास्तरांनी खोगिराच्या उजव्या गादीत मूठभर लोकर सारली. ज्या बाजूला कलतं ती बाजू उचलायची, हा धंद्याचा सरळ हिशेब. खोगीर मधोमध बसलं. मालक म्हणाले, "मास्तरांचा हात लागला की संपलं." मास्तर नाही नाही म्हणत सुखावले.

काही दिवसांनी ते पुन्हा कललं. पुन्हा मूठभर लोकर. मग पुन्हा. दर वेळी खोगीर सरळ होत होतं आणि दर वेळी घोडी आणखी वाईट वागत होती, पण ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या तर नाहीच. त्यांना खोगीर सरळ दिसलं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

शेवटी बाईसाहेबांनी शिकायला येणाऱ्या, बँकेतल्या एका सज्जन गृहस्थांना कुंपणाबाहेरच्या झुडपात नेऊन टाकलं. गृहस्थांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण त्यांनी जाताना जे ऐकवलं त्याने मालकांचं डोकं फिरलं. नको असलेली जनावरं घेऊन जाणारा एक व्यापारी होता. तो ती कुठे नेतो हे त्याला कोणी विचारत नसे, आणि न विचारण्यातच सगळ्यांना बरं वाटे. त्याला मालकांनी निरोप धाडला. मुलगी रडली, भांडली, पण मालक बधले नाहीत. "उद्या एखाद्याची मान मोडली तर तू उत्तर देणार आहेस का?" मालकांनी मास्तरांनाही फोन केला. "तो माणूस आठवड्याअखेर येतोय. स्वार बसवून दाखवावी लागेल. तेवढं खोगीर एकदम सरळ बसवून द्या."

मास्तर सळई आणि लोकरीची पिशवी घेऊन शाळेत पोहोचले तेव्हा मुलीचा तास चालू होता. रिंगणात आजोबा नावाचा म्हातारा पांढरा घोडा एका नवशिक्या बाईंना घेऊन फिरत होता. हे आजोबा म्हणजे गरीब गाय. पाठीवर पाखरू येऊन बसलं तरी डोळा न उघडणारे. आज मात्र त्यांचे कान मागे पडले होते. आणि त्यांच्या पाठीवरचं खोगीर डावीकडे इतकं कललं होतं की वरच्या बाई अर्ध्या लोंबकळत होत्या.

वाकडं दिसल्यावर मास्तर थांबतायत कसले! कुंपणाखालून वाकून ते थेट रिंगणात शिरले. "हे कसं चढवलंय? कुणाचं खोगीर आहे हे?"

"बाईसाहेबांचं," मुलगी म्हणाली. "आजोबांच्या खोगिराचा पट्टा तुटला, म्हणून तासापुरतं घातलं. सरळच चढवलं होतं, बाबा."

बाईंना खाली उतरवून मास्तरांनी तंग सैल केला, खोगीर उचललं, मधोमध ठेवलं. हात काढताच ते डावीकडे कललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कललं. मग त्यांनी तंग कसायला घेतला, तर उभ्या आयुष्यात कोणाला न चावलेल्या आजोबांनी मान वळवून त्यांच्या बाहीला दात लावले.

मास्तरांनी गादीखाली हात घातला. डावी गादी मऊ होती. उजवी विटेसारखी घट्ट. त्यांनीच ठासलेली.

ते तसेच उभे राहिले. आजोबांची पाठ सरळ होती, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे खोगीर वाकडं होतं. आणि हे वाकडं खोगीर बाईसाहेबांच्या पाठीवर सरळ बसत होतं. आता वाकडं काय आहे हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

ते तबेल्यात गेले. बाईसाहेब कोपऱ्यात तोंड करून उभी होती. तिच्या पाठीवर, खांद्यामागे उजव्या अंगाला त्यांनी नुसती बोटं टेकवली. कातडी थरथरली, पाठ खाली दबली आणि तिने फणकाऱ्याने मान फिरवली. हे तिने त्यांच्यासमोर कितीदा तरी केलं होतं. दर वेळी मास्तरांनी तिला दटावलं होतं.

संध्याकाळी घरी ताट पुढे आलं तरी ते नुसते बसून राहिले. बायकोने विचारलं, "काय झालं? बरं नाही वाटत का?"

"खोगीर सरकत होतं ना, ते त्या घोडीचं बोलणं होतं," ते म्हणाले. "तिचं कुठे तरी दुखतंय, म्हणून ती वाकडी चालते, म्हणून खोगीर सरकतं. आणि मी दर वेळी लोकर ठासून तिचं तोंड शिवत गेलो. वर ती लोकरच तिच्या पाठीत रुतत होती. एक दुखणं झाकायला मी दुसरं दिलं तिला."

बायकोने ताट त्यांच्याकडे सरकवलं. "मग उसवा ना. सकाळी उठून पहिलं ते करा. आत्ता जेवा."

सकाळी मास्तरांनी शाळेच्या कोठीत पोत्यावर बसून दोन्ही गाद्या उसवल्या. उजवीतून निघालेला लोकरीचा ढीग पाहून मुलीने तोंडावर हात ठेवला. त्यांनी दोन्हीकडे सारखी, मऊ लोकर भरली आणि पुन्हा शिवलं. तोवर मुलीने बोलावून घेतलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मालक हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांचा चेहरा काही विश्वास बसल्यासारखा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला घोडीवर बसायला सांगितलं. आपण मागे उभ्या राहिल्या. बाईसाहेब दुडकीवर निघाली, शेपटी हलवत, कान पाडून. लंगडत नव्हतीच. पण तिसऱ्या वळणाला खोगीर उजवीकडे सरकायला लागलं, आणि त्याच्याबरोबर मुलगीही.

"थांब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या उजव्या पायाचा मधला सांधा दाबून पाहिला, तिथे सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. "आता जरा वाट पाहायची. हा पाय दुखायचा थांबला की घोडी काय करते ते बघू."

वाट पाहताना मालकांनी विचारलं, "पाय दुखतोय तर लंगडत का नाही ती?"

"लंगडणारं जनावर कळपात आधी मारलं जातं, म्हणून घोडे दुखणं लपवतात. पाय टाकायचा थोडा कमी, पाठ थोडी वळवायची, वजन दुसरीकडे ढकलायचं. वरून दिसायला सगळं ठीक. पण अंगभर ताण. मग कोणी तंग आवळला की चिडणार नाही तर काय करणार?" मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मीही तिला नुसती हाताने धरून पळवताना पाहिलं. पाठीवर माणूस असताना पाहायला हवं होतं. मी पुन्हा यायला हवं होतं."

मुलगी पुन्हा चढली. बाईसाहेब दोन पावलं चालली, थबकली, आणि तो पाय तिने एकदा टेकवून पाहिला. मग ती निघाली. दुडकीवर आली तशी तिची मान लांब झाली, पाठ सैल झाली, शेपटी नुसती झुलायला लागली. उजवं वळण आलं आणि ती सहज वळून गेली. खोगीर मधोमध होतं. मुलगी फेरी मारून आली, दुसरी मारून आली, तरी मधोमध. मास्तर तिच्या पाठीकडे बघत होते. पोर सरळ बसली होती. ती पहिल्यापासून सरळच बसत होती. हे तिला हाक मारून सांगायला ते कुंपणापाशी गेले. तिने तिथूनच बापाचा चेहरा पाहिला आणि डोळे पुसत मान हलवली.

इंजेक्शनचा अंमल उतरला तेव्हा घोडीने तो पाय हळूच सैल सोडला, खुराचं टोक जमिनीला टेकवून. मास्तरांना आता ते दिसलं.

व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं गेलं, पण कायमचं नाही. मालक वाईट माणूस नव्हते, मात्र शाळा म्हणजे पांजरपोळ नाही असं ते उघड म्हणत. औषधं होतील, विश्रांती होईल, सांध्यावर इलाज होईल. पण बरी झाल्यावर तिने खोगीर घेतलं पाहिजे. नाही घेतलं तर तिचा रस्ता वेगळा. मुलीने ते कबूल केलं, कारण दुसरा उपाय नव्हता.

इलाज लागू पडला. कुरणात मोकळी सोडलेली बाईसाहेब हळूहळू दोन्ही मागच्या पायांवर सारखी उभी राहायला लागली. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला तसा मास्तरांनी तिच्या पाठीचं नव्याने माप घेतलं आणि दोन्ही गाद्या त्या मापाने बेतल्या. आणि एका सकाळी ते खोगीर हातावर घेऊन कुरणात गेले. फाटकाशी मालक उभे होते, आणि त्यांच्या शेजारी ओठ चावत मुलगी.

घोडी चरत होती. तिने मान वर केली, मास्तरांच्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि तिचे कान मागे गेले. फार नाही, जरासे.

पाय बरा होता. पाठ बरी होती. पण झालेलं ती विसरली नव्हती. मास्तरांच्या आयुष्यात असले घोडे पुष्कळ येऊन गेले होते आणि त्यांना सगळ्या हातोट्या ठाऊक होत्या. बोलत बोलत बाजूने जायचं, एका हाताने मान थोपटायची, दुसऱ्याने खोगीर टाकायचं, घोड्याला कळायच्या आत तंग पहिल्या भोकात. फाटकावरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, किती शहाणी घोडी. मालक मान डोलावून निघून गेले असते. घोडी राहिली असती. एवढ्या एका गोष्टीसाठी पोर त्या फाटकाशी उभी होती.

मास्तर दोन पावलं पुढे गेले. कान आणखी जरासे मागे गेले. ते थांबले. मग त्यांनी खोगीर गवतावर ठेवलं आणि तिथून बाजूला होऊन रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"काय झालं, मास्तर?" मालकांनी फाटकावरून हाक मारली. "चढवा की!"

मास्तरांनी बोटाने थांबायची खूण केली. घोडी बराच वेळ जागची हलली नाही. मग ती हळूहळू खोगिरापाशी आली, खाली मान घालून तिने ते हुंगलं, मोठ्याने फुरफुरली. आणि वळून, शेपटी झुलवत, सावकाश पलीकडे चरायला निघून गेली.

मास्तर खोगीर उचलून फाटकापाशी आले. मुलीने मान खाली घातली होती.

"याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?" मालक म्हणाले.

"नाही म्हणाली."

"ते मला दिसलं. मग करार काय ठरला होता आपला?"

"मालक," मास्तर म्हणाले, "इतके महिने तिने नाही म्हटलं की आपण तंग आणखी एक भोक आवळायचो. म्हणून ती चावायची. आज मी थांबलो, तर नुसती वळून गेली. चावली नाही, लाथ नाही, अंगावर धावली नाही. साध्या शब्दात सांगितल्यासारखं सांगून गेली."

मालकांनी चरणाऱ्या घोडीकडे पाहिलं. फाटकाची कडी त्यांनी उगाच वरखाली केली.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "मग उद्या परत विचारून बघा तिला."